कविता वहीतून बाहेर काढताना : सांगली परिसरातल्या साहित्य मंडळांत नव्याने येणाऱ्यांसाठी

सांगली, मिरज, तासगाव, पलूस, आटपाडी या पट्ट्यात महिन्याकाठी किती साहित्यिक बैठका भरतात याची गणती कुणी ठेवलेली नाही. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, शाळेच्या रिकाम्या वर्गात, कुणाच्या तरी गच्चीवर, देवळाच्या सभामंडपात दहा-पंधरा माणसं जमतात, आपापलं लिहिलेलं वाचतात, चहा पितात आणि घरी जातात. वर्तमानपत्रात आलीच तर दोन ओळींची बातमी येते. तुम्ही लिहीत असाल आणि आजवर ते वहीत किंवा मोबाईलमध्ये दडवून ठेवलं असेल, तर यातली एक बैठक तुमच्यापासून फार लांब नसणार.

या जिल्ह्याच्या नावामुळे नवा माणूस उगाच दबकतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ सांगलीत रंगभूमीवर आणलं. गदिमा शेटफळ्याचे, अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, शंकरराव खरात आटपाडीचे. २००८ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सांगलीत भरलं तेव्हा अध्यक्ष होते इथलेच म. द. हातकणंगलेकर, २०२५ साली दिल्लीच्या ९८व्या संमेलनाच्या अध्यक्ष झालेल्या तारा भवाळकर याही सांगलीच्याच. एवढी यादी ऐकल्यावर ‘आपण कोण?’ असं वाटणं साहजिक आहे. पण बैठकीला गेलात की दिसेल ते असं: दोन निवृत्त गुरुजी, एक बँकेतल्या मॅडम, एसटीतला वाहक, द्राक्षबागेतून थेट आलेला कुणी, कॉलेजची दोन पोरं आणि प्रत्येक बैठकीला येऊन कधीच काही न वाचणारे एक काका. या काकांचं महत्त्व पुढे कळेल.

आधी बैठक शोधा

सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे सार्वजनिक वाचनालय. ग्रंथपालांना सरळ विचारा, “इथं कवितावाचन कुठं होतं?” त्यांना माहीत असतंच, कारण सभागृहाची किल्ली त्यांच्याकडे असते. दुसरी जागा कॉलेजचा मराठी विभाग. तिसरी, स्थानिक पानावरचं ‘आजचे कार्यक्रम’ हे सदर. शाळेत मराठी शिकवणारे ओळखीचे सर असतील तर मग काहीच शोधावं लागत नाही. आपल्याकडची निम्मी मंडळं शिक्षकांच्या खांद्यावर उभी आहेत.

बैठकांचे प्रकार मात्र समजून घ्या. महाराष्ट्र साहित्य परिषदेसारख्या संस्थेची (ती १९०६ पासूनची) शाखा असेल तर कार्यकारिणी, कार्यवाह, आजीव सभासद, वार्षिक सभा असा सगळा रीतसर मामला असतो. तिथे व्याख्यानं आणि पुस्तक प्रकाशनं जास्त, नवोदितांना वाचायला वेळ कमी. वाचनालयाचा मासिक कट्टा सैल असतो आणि नवख्याला तोच सोयीचा. गझलेची मंडळी वेगळी जमतात आणि त्यांचे नियमही वेगळे. आंबेडकरी आणि विद्रोही परंपरेच्या बैठकांत शब्दाला लगेच सामाजिक प्रश्न विचारला जातो. तिथली चर्चा बोचरी वाटली तरी खूप शिकवते. १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन वाटेगावच्या अण्णा भाऊंनी केलं होतं, तेव्हा ही परंपरा आपल्याकडे बाहेरून आलेली नाही. माझा सल्ला असा की दोन-तीन वेगवेगळ्या बैठका बघून मग एक धरा. पहिल्याच ठिकाणी वर्गणी भरून मोकळे होऊ नका.

पहिल्या वेळी नुसतं ऐका

निमंत्रणावर चारची वेळ असली तर साडेचारला सुरुवात होते. तुम्ही मात्र चारला जा. त्या अर्ध्या तासात खुर्च्या लावल्या जातात, सतरंजी अंथरली जाते, माईकवाल्याची वाट बघितली जाते, आणि खऱ्या ओळखी तेव्हाच होतात. हात लावा, कुणी ‘नको’ म्हणणार नाही.

क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच. नोंदवहीत नाव, गाव, फोन लिहायचा. प्रास्ताविक होतं. मग सूत्रसंचालक एकेकाचं नाव पुकारतात. प्रत्येकी एक रचना, वेळ उरला तर दुसरी फेरी. शेवटी अध्यक्ष दोन शब्द बोलतात, ते दोनशे होतात, मग आभार आणि चहा. नोंदवहीत ‘सादरीकरण करणार का?’ असा रकाना असेल तर पहिल्या दिवशी तिथे ‘नाही’ लिहा. यात भिडस्तपणा काही नाही. समोर कोण बसतं, किती वेळ ऐकू शकतं, कशाला हसतं, कशाला गप्प होतं, हे कळल्याशिवाय काय वाचायचं ते ठरवता येत नाही.

दाराजवळची खुर्ची टाळा. तिथे बसणारा माणूस लवकर उठून जाणार असं सगळे गृहीत धरतात, आणि बहुतेकदा ते खरं ठरतं.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळा, बाकी सगळं चुकलं तरी चालेल: आपलं वाचून झालं की निघून जायचं नाही. प्रत्येक मंडळात असे दोन-तीन कवी असतात. ते उशिरा येतात, सूत्रसंचालकाच्या कानाला लागून आपलं नाव वर घेतात, वाचतात, टाळ्या घेतात आणि ‘दुसरा कार्यक्रम आहे’ म्हणून जातात. अशांची संख्या वाढली की सातव्या क्रमांकाच्या कवीपुढे रिकाम्या खुर्च्या उरतात आणि सहा महिन्यांत मंडळ बंद पडतं. मंडळ लिहिणाऱ्यांच्या जोरावर चालतं असं वाटतं, पण ते टिकतं ऐकणाऱ्यांमुळे. ते न वाचणारे काका म्हणूनच मोलाचे. त्यांच्या शेजारी बसा. आठ-दहा वर्षं ऐकून ऐकून त्यांचा कान असा तयार झालेला असतो, की कविता कुठे पडली हे त्यांना अध्यक्षांच्या आधी कळतं.

वाचायला काय न्यायचं

एकच रचना. ‘दोन छोट्या वाचतो’ म्हणणाऱ्याच्या दोन्ही रचना लोक विसरतात.

कविता असेल तर दोन-तीन मिनिटांची. कथा असेल तर आधी विचारून घ्या. मिळाली तर आठ-दहा मिनिटं मिळतात, आणि शांतपणे वाचलं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. म्हणजे हजार शब्दांच्या वर जाऊ नका. मोठ्या कथेचा सारांश सांगत सांगत मधले तुकडे वाचणं हा सगळ्यात वाईट मार्ग. त्यापेक्षा सलग एकच प्रसंग घ्या, ज्याला आगापिछा लागत नाही. घरी मोठ्याने वाचून मोबाईलवर वेळ मोजा. मनात वाचलेलं नेहमी कमी वेळाचं वाटतं.

कवितेआधी कविता समजावून सांगू नका. ‘ही मला कशी सुचली, तर मी एकदा पुण्याहून येताना…’ इथपासून सुरू झालेलं प्रास्ताविक कवितेपेक्षा लांब होतं, आणि त्यातच कवितेतली शेवटची ओळ फुटते. नाव सांगा, गाव सांगा, शीर्षक सांगा, वाचा.

गझल घेऊन जाणार असाल तर मात्र जास्त तयारी हवी. तिथे वृत्त चुकलेलं चालत नाही, आणि ‘भाव महत्त्वाचा’ हे उत्तर कुणी ऐकून घेत नाही. सुरेश भटांनी नव्यांसाठी ‘गझलेची बाराखडी’ ही पुस्तिका लिहिली. ती छोटी आहे, मिळवून वाचाच. सुरुवातीला एकच वृत्त धरा. देवप्रिया घ्या: गालगागा गालगागा गालगागा गालगा. ‘गा’ म्हणजे गुरू, ‘ल’ म्हणजे लघू. गुरूच्या दोन मात्रा, लघूची एक, ओळीत एकूण २६. उदाहरणादाखल मी आत्ता जुळवलेली ओळ तपासा: ‘पावसाला आज थोडे ओसरीशी थांबवू’. पा-व-सा-ला, आ-ज-थो-डे, ओ-स-री-शी, थां-ब-वू. ओळ काही फार थोर नाही, पण वृत्तात आहे. बोटावर मोजायची लाज बाळगू नका. वृत्त जमलं तरी मतल्यातल्या, म्हणजे पहिल्या शेरातल्या, दोन्ही ओळींत आणि नंतर प्रत्येक दोन ओळींच्या शेराच्या दुसऱ्या ओळीत काफिया (यमक) आणि रदीफ (त्यानंतर तसाच पुन्हा येणारा शब्द) सांभाळायचे असतात. शिवाय काफियातल्या यमकाच्या अक्षराआधीचा स्वर, म्हणजे अलामत, बदलली तर मागच्या रांगेतून हळूच ‘अं हं’ ऐकू येईल. हे ‘अं हं’ गझलेच्या बैठकीचं सर्वात प्रामाणिक परीक्षण.

वृत्ताची भीती वाटत असेल तर अष्टाक्षरीने सुरुवात करा, ओळीला आठ अक्षरं. मुक्तछंद सोपा समजून निवडू नका. त्याला स्वतःची लय लागते, आणि गद्याच्या ओळी तोडून खाली-खाली लिहिल्याने ती येत नाही.

भाषेबद्दल. घरी ‘आलतो, गेलतो’ म्हणणारी पोरं कविता लिहायला बसली की एकदम ‘मम हृदयी’ म्हणायला लागतात. कशाला? माणदेशी बोली, कृष्णाकाठची बोली, वाडा-वस्तीवरचे शब्द कानाला चांगले लागतात, आणि समोर बसलेल्या लोकांना ते कळतातही. फक्त बोली दाखवण्यासाठी बोली वापरू नका. जत्रेतल्या खेळासारखी ती हसू पिकवते आणि तिथेच संपते.

माईकपासून वीतभर अंतर ठेवा. कागद छातीच्या उंचीवर धरा, तोंडासमोर नको. मोबाईलवरून वाचणार असाल तर तो आधी विमान मोडवर टाका. कवितेच्या मध्ये आलेला फोन मी बघितलाय, आणि कवीने तो उचललेलाही बघितलाय.

वाचून झाल्यावर

लोक ‘छान’ म्हणतील. ‘छान’चा अर्थ बहुतेकदा एवढाच, की तुमचं वाचून झालं. खरी प्रतिक्रिया मागून घ्यावी लागते, आणि ती चहाच्या वेळी, एकट्या माणसाला विचारून. ‘कशी वाटली?’ असं विचारलंत तर पुन्हा ‘छान’च मिळेल. ‘कुठली ओळ लक्षात राहिली?’ किंवा ‘तुमचं लक्ष कुठं उडालं?’ असं विचारा. तिघांचं लक्ष एकाच ठिकाणी उडालं असेल तर ते कडवं घरी जाऊन काढून टाका. कुणाचंच एकमत नसेल तर तूर्त काही बदलू नका.

उत्तर देताना ‘मला तिथं असं म्हणायचं होतं’ हे वाक्य गिळायचं. जे म्हणायचं होतं ते कागदावर पोचलं नाही, एवढी माहिती मिळाली, ती वहीत लिहून घ्या. ऱ्हस्व-दीर्घ काढणारे एक सर असतातच. त्यांच्यावर चिडू नका. पुढे दिवाळी अंकाला काहीतरी पाठवताना हेच सर फुकटात मुद्रितं तपासून देतील.

दुसऱ्याला प्रतिक्रिया देताना त्याची एक ओळ जशीच्या तशी म्हणून दाखवा आणि मग बोला. नीट ऐकलंय याचा तो पुरावा असतो, आणि त्यानंतर कडक बोललेलंही माणूस घेतो. वयाने मोठे असतील तर सर, ताई, अण्णा जे चालत असेल ते म्हणा, पण कविता पडली असेल तर मानापोटी ‘अप्रतिम’ म्हणू नका. गप्प बसणं चालतं.

नव्या मुलींसाठी, आणि खरं तर सगळ्यांसाठी एक स्पष्ट सूचना. कुणी ज्येष्ठ ‘मार्गदर्शनाला घरी या’ म्हणाले तर ‘सर, वाचनालयातच भेटू या’ असं म्हणा. बहुतेकांच्या मनात काही नसतं आणि त्यांना यात वावगंही वाटत नाही. ज्यांना वाटतं त्यांचं मार्गदर्शन नकोच. बैठक रात्री उशिरापर्यंत लांबत असेल, शेवटची एसटी चुकत असेल, तर आयोजकांना आपलं नाव आधी घ्यायला सांगा. त्या कारणासाठी आधी वाचून निघणं आणि टाळ्या घेऊन पळणं यातला फरक लोकांना कळतो.

ग्रुप, प्रमाणपत्रं आणि पैसे

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तुम्हाला घेतलं जाईल. बैठकीची तारीख तिथे कळते, तेवढ्यासाठी तो ठेवा. रोज सकाळी कविता टाकू नका. ‘आजचा विषय : पाऊस, वेळ रात्री आठपर्यंत’ अशा स्पर्धांमधून सर्वोत्कृष्ट, उत्कृष्ट, प्रथम, द्वितीय, लक्षवेधी अशी प्रमाणपत्रं जवळजवळ सगळ्यांना मिळतात. सवय म्हणून महिनाभर लिहून बघायला हरकत नाही. पण त्यावर विसंबून स्वतःला पुरस्कारप्राप्त म्हणवून घेऊ नका.

पैशाच्या बाबतीत मी जरा कडवट आहे. ‘प्रातिनिधिक काव्यसंग्रहात आपली कविता निवडली आहे, पानाला इतके रुपये पाठवा’ असा निरोप आला तर ती निवड नसते, विक्री असते. पुरस्कारासाठी प्रवेश शुल्क, वर सोहळ्याला स्वखर्चाने या, आणि मग शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह घेऊन फोटो, हाही त्यातलाच प्रकार. मंडळाची वर्गणी, सभागृहाचं भाडं, चहाचा वाटा हे द्यायला मागेपुढे पाहू नका. ते पैसे कुठे जातात हे दिसतं.

पुस्तकाची घाई नको, पण वेळ आलीच तर दोन गोष्टी माहीत असू द्या. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी असते. मंडळाची जाहिरात निघेल तेव्हा नियम नीट वाचून अर्ज करा. आणि पुस्तकाचा आयएसबीएन, म्हणजे जगभर चालणारा ओळख क्रमांक, भारतात सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो. त्याचे वेगळे पैसे लावणाऱ्याला हे सांगून बघा. कविता चोरीला जाईल म्हणून वाचायचीच नाही, असाही काहींचा हट्ट असतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिल्या क्षणी हक्क तुमचा असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि लेखकाच्या पश्चात ६० वर्षं तो टिकतो. तारखेसह स्वतःलाच ई-मेल करून ठेवा आणि बिनधास्त वाचा. हाच न्याय दुसऱ्यांच्या कवितेलाही लागतो: कुणाची आवडती रचना म्हणायची असेल तर आधी कवीचं नाव घ्या.

छापायला पाठवताना

मराठीत नवख्याला पहिली जागा बहुतेक वेळा दिवाळी अंकातच मिळते. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तिथपासूनची ही रीत. जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघणारे छोटे अंक नव्या नावांना सहज घेतात. नवरात्रात कविता पाठवून दिवाळीत छापून यायची वाट बघू नका. जून ते ऑगस्ट हा खरा काळ, त्यानंतर पानं भरलेली असतात.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून वर्डच्या फाइलमध्ये पाठवा. वहीच्या पानाचा तिरका फोटो पाठवलात तर टाइप करणाऱ्याच्या शिव्या बसतील. खाली पूर्ण नाव, पत्ता, फोन आणि ‘अप्रकाशित’ असा एक शब्द. एकच कविता दोन अंकांना एकदम पाठवायची नाही. दोन्हीकडे छापून आली तर दोन्ही संपादक लक्षात ठेवतात. मानधन बहुतेक छोट्या अंकांना परवडत नाही, पण लेखक प्रत मागायचा तुमचा हक्क आहे. नकार कळवला जाईलच असं नाही. अंक आला आणि त्यात आपण नाही, हाच नकार.

संक्रांतीला औदुंबर

वर्षातून एकदा तरी पलूस तालुक्यात कृष्णाकाठच्या औदुंबरला जा. कवी सुधांशूंचं हे गाव. इथे दर मकर संक्रांतीला सदानंद साहित्य मंडळाचं संमेलन भरतं, आणि ते स्वातंत्र्याच्या आधीपासून चालत आलेलं आहे. अखिल भारतीय संमेलनाचा मांडव, परिसंवादांची गर्दी, स्वागताध्यक्षांचे फलक, यांतलं काही इथे नसतं. दत्ताच्या दर्शनाला आलेली माणसंही कविता ऐकत थांबतात. नवख्याने तिथे वाचायला मिळेल का याचा हिशोब करत जाऊ नये. पुस्तकातून माहीत असलेला एखादा लेखक साध्या खुर्चीवर बसून दुसऱ्याचं ऐकतो आहे, हे बघायला जावं. जिल्ह्यात हिवाळ्यात इतरही ग्रामीण संमेलनं भरतात. निमंत्रितांच्या कविसंमेलनात तुमचं नाव लगेच येणार नाही. खुल्या कविसंमेलनाची नोंदणी सकाळीच करा, दुपारी यादी भरते. आणि यादीत चाळिसावे असाल तर पहिल्या एकोणचाळीस जणांचं ऐकायची तयारी ठेवा.

गावात काहीच नसेल तर

मग सुरू करा. तीन माणसं पुरतात. महिन्याचा एक दिवस कायमचा बांधून टाका, दुसरा रविवार म्हणजे दुसरा रविवार. तारीख दर महिन्याला सगळ्यांच्या सोयीने ठरवायला लागलात की तिसऱ्या महिन्यात कुणालाच सोय नसते. द्राक्षाच्या छाटणीचे ऑक्टोबरचे दिवस, ऊसतोडीचा हंगाम, शाळांच्या परीक्षा, या काळात माणसं रोडावणार हे धरून चाला, पण बैठक रद्द करू नका. जागा वाचनालयाची किंवा शाळेची, कुणाच्या घरची शक्यतो नको. घरच्या बाईवर चहा-पोह्यांचं ओझं पडतं आणि ती स्वतः लिहीत असेल तरी स्वयंपाकघरातच अडकते.

पहिलं वर्षभर अध्यक्ष, उद्घाटक, दीपप्रज्वलन, हार काही नको. बोर्ड बनवू नका, लेटरहेड छापू नका. एक वही घ्या आणि तारीख, आलेल्यांची नावं, कुणी काय वाचलं एवढंच लिहा. सूत्रसंचालन आळीपाळीने करा. प्रत्येक बैठकीत आपल्या लेखनाआधी कुणीतरी एखाद्या जुन्या कवीची एक कविता वाचावी, नाव घेऊन, चर्चा न करता. त्यामुळे कान तयार होतात, आणि नंतर स्वतःची कविता वाचताना आवाज आपोआप जरा खाली येतो. ज्याला काही वाचायचं नाही पण नियमित यायचं आहे, असा माणूस मिळाला तर वर्गणी माफ करा, चहा आधी त्याला द्या.